कातड्याचे चामडे : रसायन आणि रगडणी

गाणगापूरला दत्तदर्शनासाठी आलेला यात्रेकरू देवळाच्या दाराशी प्रथम पायांतील वहाणा काढतो. पौर्णिमेच्या गर्दीत तेथे वहाणांचे ढीगच्या ढीग पडतात. त्यांत रबर, प्लॅस्टिक आणि रेक्झिन यांचाच भरणा आता अधिक असतो; तरी शोधू गेल्यास खऱ्या चामड्याचे जोडही सापडतात. एखाद्या शेतकऱ्याची तेल पाजलेली, जाड तळाची वहाण, एखाद्या नोकरदाराचा मऊ बूट, एखादी कोल्हापुरी. सारी गुरांच्या अंगावरचीच कातडी. पण एक चामडे फळीसारखे ताठ, दुसरे कापडासारखे मऊ, तर तिसरे वर्षभरातच भेगाळलेले! (आरतीच्या वेळी देवळांतून जो नगारा घुमतो, त्याच्या तोंडावरही कातडेच ताणलेले असते, वहाणा बाहेर ठेवून आत जाणाऱ्या आपल्याला त्याची सहसा आठवण होत नाही, ही गोष्ट निराळी.)

हा फरक कशाने पडतो? ‘कातडे कमावणे ही एक रासायनिक क्रिया आहे,’ असे उत्तर विद्यार्थी देतील. ते खरे आहे, परंतु अर्धेच. रसायनामुळे कातड्याचे कुजणे थांबते. ते मऊ होणार की ताठ, टिकाऊ होणार की फाटके, सपाट राहणार की सुरकुतणार, हे मात्र पुष्कळ अंशी त्याला कसे ओढले, कसे रगडले, कोठे कापले आणि केव्हा ठोकले यांवर अवलंबून असते. या क्रियांना तंत्रज्ञ ‘यांत्रिक क्रिया’ म्हणतात. यांत्रिक म्हणजे यंत्रानेच केलेली, असे मात्र नव्हे. हाताने मोगरी मारली तरी ती यांत्रिक क्रियाच होय.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. गाय, बैल, म्हैस अशा मोठ्या जनावराचे ते कातडे. शेळी, मेंढी अशा लहान जनावराची ती कातडी. आणि दोन्ही कमावल्यावर होते ते चामडे. इंग्रजी व्यापारी भाषेतही मोठ्या व लहान जनावरांच्या कातड्यांना असेच दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या भाषेने नुसते लिंग पालटून तेच काम साधले आहे.

ताज्या कातड्यात शेकडा ६० ते ६५ भाग पाणीच असते. उरलेल्यात मुख्य भाग ‘कोलॅजेन’ नावाच्या प्रथिनाचा. केसांचा पातळ बाह्य पापुद्रा आणि आतील बाजूची चरबी व मांस ही दोन्ही काढून टाकावयाची असतात. चामडे होते ते मधल्या थराचे. या मधल्या थराचेही दोन भाग पडतात. वरच्या भागात केसांची मुळे, घामाच्या व तेलाच्या ग्रंथी आणि अतिशय बारीक तंतू असतात. चामड्यावर जे बारीक दाण्यांचे रूप दिसते ते याच भागाचे. त्याच्याखाली जाड तंतूंच्या जुड्या एकमेकींत वर-खाली, आडव्या-तिरप्या गुंतलेल्या असतात. चामड्याचे बळ या खालच्या भागात असते, आणि सौंदर्य वरच्या भागात. पुढे जे जे सांगावयाचे आहे, त्याची किल्ली या एका वाक्यात आहे.

कोलॅजेनचा एकेक सूक्ष्म तंतू कसा असतो, हे उकलण्याचे श्रेय भारताकडे येते. १९५४ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेनचा रेणू तीन पेडांचा असल्याचे मांडले. तीन पेडांची दोरी वळावी, तशीच ही रचना. त्यांनी क्ष-किरणांनी तपासला तो नमुना कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा होता, आणि तो त्यांना मिळाला मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था आजही चेन्नईत काम करीत आहे. एका टोकाला पायातली वहाण आणि दुसऱ्या टोकाला रेणूंचे शास्त्र. मध्ये अंतर फार नाही.

तंतूंचे हे जाळे कातडेभर सारखे नसते. पाठीवर व पुठ्ठ्यावर ते दाट असते; पोटाकडे आणि पायांच्या बगलांत सैल असते. मानेवर कातडे जाड असले तरी सुरकुतलेले असते. शिवाय पाठीच्या भागात तंतूंचा कल साधारणपणे कण्याच्या दिशेने असतो. म्हणून पट्टा किंवा वादी कापावयाची ती कण्याला समांतर कापतात. तीच पोटाच्या बाजूने आडवी कापली तर महिन्याभरात लांबते. गावच्या चर्मकाराला हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. तो चामड्याचा तुकडा दोन्ही हातांत धरून एकदा उभा व एकदा आडवा ओढतो, आणि मगच रापी चालवतो.

आता कातड्यावरचा पहिला यांत्रिक संस्कार कोणता? बहुतेकांचे उत्तर ‘सोलणे’ असे येईल. परंतु तो त्याच्याही आधी, जनावर जिवंत असतानाच सुरू झालेला असतो! मानेवर जू घासून पडलेले घट्टे, पुठ्ठ्यावर पराणीच्या आरेने झालेली भोके, रोग बरा व्हावा म्हणून तापलेल्या लोखंडाने दिलेले डाग, कुंपणाच्या काट्यांचे ओरखडे, गोचिडांनी केलेल्या जखमा. बीदर-लातूरकडील देखण्या देवणी बैलाचे कातडे असो की साध्या गावरान गाईचे, या खुणा वरच्या दाणेदार थरात कायमच्या राहतात. केस असेपर्यंत त्या दिसत नाहीत. चुन्यात केस गळाले की साऱ्या उघड्या पडतात, आणि जेथे आर टोचली तेथेच चामड्याला भोक पडते. पराणी जपून वापरणारा शेतकरी नकळत चामड्याचेही भले करीत असतो.

खेड्यांत पुष्कळ कातडी येत ती मेलेल्या जनावरांची. असे जनावर पायांना दोरी बांधून गावाबाहेर फरफटत नेण्याची रीत होती. जमिनीवर घासून एका अंगाचे केस व वरचा थर खरवडून निघे, आणि एवढ्याने कातड्याची किंमत उतरे. जनावर गाडीवर घालून नेले तर ही हानी टळते. वर्ध्याजवळच्या नालवाडी येथे १९३० नंतरच्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी मृत जनावरांच्या कातड्यांचे चर्मालय चालवले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कल्पनेतून निघालेल्या या कामाचा रोख असाच होता : सोलणे, खारवणे व कमावणे हे शास्त्रशुद्ध झाले, तर गावाची संपत्तीही वाचते आणि हे काम करणाऱ्याची प्रतिष्ठाही.

सोलताना सुरीचे टोक आतल्या बाजूने खोल गेले, की तेथे जखम राहते. ती भोक पाडण्याइतकी खोल नसली तरी तंतूंच्या जुड्या तुटलेल्याच असतात. पुढे यंत्राच्या दाबाखाली नेमके तेथेच चामडे फाटते. म्हणून कुशल हात सुरी थोडी चालवतो व मुठीने जास्त रेटतो. त्यानंतर मीठ. कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मीठ चोळावे लागते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे मीठ लावण्यात काही तासांचा उशीर झाला तरी कातडे नासू लागते. नासलेल्या कातड्यावर पुढे कोणतीही क्रिया करा, वरचा थर सोलवटून निघतो.

कारखान्यात कातडे प्रथम पाण्यात भिजवतात व मग चुन्यात घालतात. चुन्याने केस सुटतात, तंतूंच्या जुड्या मोकळ्या होतात आणि कातडे फुगून रबरासारखे लिबलिबीत होते. फुगलेले कातडे अत्यंत नाजूक असते. याच अवस्थेत त्याच्या आतील बाजूचे मांस व चरबी खरवडावयाची असते. पूर्वी बाकदार लाकडी घोडीवर कातडे पसरून दोन मुठींच्या लांब सुरीने हे काम करीत. आजही लहान ठिकाणी करतात. यंत्रात मळसूत्री पात्यांचा एक रूळ वेगाने फिरतो आणि दुसरा रबरी रूळ कातडे त्याच्यावर दाबून धरतो. मिनिटा-दोन मिनिटांत कातडे साफ! पण येथे यंत्राचा आंधळेपणाही दिसतो. केसांत वाळलेल्या शेणाचा एखादा गोळा चिकटून राहिला असेल, तर त्या जागी कातडे वर उचलले जाते आणि पाते आरपार जाते. हाताला तो गोळा बोटांखाली लागला असता. यंत्रावर उभा राहणारा कामगार कातडे आत सोडण्यापूर्वी त्यावरून हात फिरवतो, तो याचसाठी. आणि पात्यांजवळ तो हात किती जावा, याचीही चिंता त्याला करावी लागते.

यानंतर येते कमावणी. आपल्या भागात हे काम बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात होत आले. तरवडाची पिवळ्या फुलांची झुडपे भीमेच्या दोन्ही तीरांवरील माळांवर कोणीही पाहिलेली असतील. या सालींतील तुरट द्रव्य तंतूंना चिकटते आणि कातडे कुजेनासे होते. तुरट द्रव्याला तंतूंच्या जाळ्यात खोलवर पोहोचवावयाचे कसे, हा खरा प्रश्न. नुसते बुडवून ठेवले तर वरचे व खालचे थर लवकर कमावले जातात आणि मधला भाग महिनोन्महिने कच्चा राहतो.

जुन्या कारागिरांनी यावर जी युक्ती काढली ती मला फार अर्थपूर्ण वाटते. अर्धवट कमावलेले कातडे दोऱ्याने शिवून त्याचीच पिशवी करावयाची, ती उंच टांगावयाची आणि तिच्यात सालीचा काढा तोंडापर्यंत भरावयाचा. पिशवीतील काढा स्वतःच्या वजनाने कातड्यातून झिरपतो; खाली भांड्यात ठिबकतो; तो पुन्हा वर ओतावयाचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगावयाची, म्हणजे वरच्या भागालाही तोच दाब मिळतो. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना याचे गणित करता येईल. पाण्याच्या एक मीटर उंच स्तंभाचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे एक दशांश असतो. एवढ्या दाबाने काढा अविरत कातड्यातून ढकलला जातो. येथे ना इंजीन, ना चाक. तरी ही यांत्रिक क्रियाच, आणि तीही चतुर! तिचे दोषही त्याच दाबातून येतात. पिशवीच्या तळाचा भाग ओझ्याने ताणून सैल पडतो, शिवणीच्या कडा वाया जातात.

ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती ढोर कक्कय्या समाजाने. या समाजाचे नाव बीदर जिल्ह्यातील कल्याणशी, म्हणजे आजच्या बसवकल्याणशी, जोडलेले आहे. बाराव्या शतकात तेथे महात्मा बसवेश्वरांच्या भोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात कातडी कमावणारे कक्कय्या होते आणि वहाणा करणारे हरळय्याही होते. कक्कय्यांच्या नावावर कन्नडमध्ये काही वचने आहेत. हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या, पण त्यांनी त्या पायात घालण्यास नकार दिला, अशी कथा या भागात घरोघर सांगतात. आठशेहून अधिक वर्षे ही कथा आपण श्रद्धेने ऐकत आलो. आणि त्याच काळात कातडे कमावणाऱ्याचे घर मात्र गावाच्या बाहेर राहिले. मोटेला, पखालीला, नाड्याला व वादीला चामडे सर्वांनाच हवे होते. ते करणाऱ्याचा हात नको होता. या कलेचे ज्ञान पुस्तकांत का उतरले नाही, याचे उत्तर मला येथे दिसते.

मोटेचा उल्लेख आला म्हणून जाता जाता सांगतो. सालीने कमावलेले चामडे सतत पाण्यात राहिले की त्यातील तुरट द्रव्य हळूहळू धुऊन जाते. मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे प्रयोग हाती घेतले, तेव्हा विहिरीच्या मोटेला टिकणारे चामडे मिळावे, हाही एक हेतू त्यामागे होता. आज जगातील बहुतेक मऊ चामडे क्रोमियमनेच कमावतात. कच्चे कातडे ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आखडून जाते. सालीने कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकते. आणि क्रोमचे उत्तम चामडे उकळत्या पाण्यातही आखडत नाही.

क्रोमची कमावणी चालते ती ड्रममध्ये. ड्रम म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठे, आडव्या आसावर फिरणारे लाकडी पीप. आतून लाकडी खुंट्या बसवलेल्या असतात. पीप फिरले की खुंट्या कातड्यांना वर उचलतात व वरून खाली टाकतात. प्रत्येक पडण्यासरशी कातडे दुमडते व उलगडते. स्पंज दाबून सोडल्याप्रमाणे त्यातील जुने पाणी बाहेर पडते आणि नवे द्रावण आत जाते. पिशवीतला काढा जे काम आठवड्यांत करी, ते क्रोमचे द्रावण ड्रममध्ये दिवसभरात करते. सालीची कमावणीही ड्रममध्ये पुष्कळ लवकर आटोपते.

पण ड्रमची ही रगडणी कोणत्या वेळी किती द्यावी, यात सारी मेख आहे. कातडे चुन्यात फुगलेले असताना ड्रम मिनिटाला दोन ते चार फेऱ्यांहून जास्त फिरवीत नाहीत, आणि मध्ये मध्ये थांबवतात. त्याहून वेग वाढवला तर फुगलेले कातडे एकमेकांवर घासून वरचा थर खरडतो, पोटाकडचे सैल तंतू अधिकच सैल होतात. शिवाय घर्षणाने पाणी तापते, आणि चुन्यातील कातड्याला ३० अंशांच्या वरची ऊब मानवत नाही. कमावताना मात्र तोच ड्रम मिनिटाला ८ ते १२ फेरे घेतो. कारण तोपर्यंत कातड्याची फूग उतरलेली असते. मेंढीच्या कातडीशी याहून जपून वागावे लागते. तिच्या वरच्या व खालच्या भागांच्या मधोमध चरबीने भरलेली सैल जागा असते, आणि अतिरेकी रगडणीने हे दोन भाग एकमेकांपासून सुटतात. तशी चामडी वरून ठीक दिसते, बोटाने सरकवली की वरचा पापुद्रा आतल्या थरावर घसरतो.

आता ज्या क्रियेने चामड्याचे भवितव्य सर्वांत जास्त पालटते, तिच्याकडे वळू. ती म्हणजे चिरणे. बैलाचे किंवा म्हशीचे कातडे चार-सहा मिलिमीटर जाड असू शकते. बुटाच्या वरच्या भागाला तर दीड-दोन मिलिमीटर पुरते. तेव्हा यंत्रातील एक अखंड फिरणारे पट्टीसारखे पाते कातड्याला जाडीतून आडवे चिरते आणि एकाचे दोन थर करते. वरचा थर दाणेदार. त्याला चांगला भाव. खालच्या थराला दाणा नसतो. त्याची दोन्ही अंगे मखमलीसारखी लवदार. तो हातमोजे, अस्तर किंवा वरून रंगाचा लेप देऊन केलेले स्वस्त चामडे यांसाठी जातो.

एका कातड्याचे दोन थर झाले म्हणजे दुप्पट लाभ झाला, असे वाटते. मग बळाचे काय झाले? तंतूंच्या जुड्या जाडीतून तिरप्या वर-खाली गेलेल्या असतात, हे आपण पाहिलेच. वेताची जाड विणलेली चटई कोणी जाडीतून आडवी चिरली, तर हाती दोन पातळ चटया येणार नाहीत. जागोजागी तुटलेल्या वेतांचे दोन ढिले पसारे येतील. कातड्याचेही काहीसे तसेच होते. वरच्या थरात मुळात बारीक व दुबळे तंतू. त्यांना आधार देणाऱ्या जाड जुड्या पात्याने तोडल्या. म्हणून जाडी निम्मी केली की बळ निम्मे न राहता त्याहून पुष्कळच कमी होते. शेळीच्या कातडीला ही आपत्ती सहसा भोगावी लागत नाही. ती मुळातच पातळ असल्यामुळे न चिरताच वापरता येते. वर-खालचे तंतू अखंड राहतात. आपल्या सीमाभागातील काळ्या उस्मानाबादी शेळीच्या पातळ कातडीचे बळ हे असे आहे.

दुकानात ‘अस्सल चामडे’ एवढीच अक्षरे वाचून वस्तू घेणाऱ्याला हे माहीत असणे अगत्याचे आहे. खालच्या थरावर लेप देऊन वर ठशाने दाणे उमटवलेली पेटीही अस्सल चामड्याचीच असते, खोटे काही नाही. कड नीट पाहिली तर उलगडा होतो.

चिरल्यावरही जाडी सर्वत्र सारखी नसते. म्हणून मळसूत्री पात्यांच्या रुळाने आतील बाजू तासून घेतात. यात भुशासारखा चुरा निघतो. एक हजार किलो खारवलेल्या कातड्यांपासून अखेरीस चामडे मिळते ते दोनशे किलोंच्या आसपास. बाकीचे पाणी, मीठ, केस, चरबी, कडा आणि हा चुरा. शिवाय तेवढ्या कातड्यांमागे तीस-चाळीस हजार लिटर पाणी खर्ची पडते. यंत्राने वेग वाढवला, तसे हे मैले पाणीही एकाच जागी, एकाच वेळी फार साचू लागले. ते शुद्ध करूनच सोडावे लागते.

पुढची क्रिया वाळवण्याची. ओले चामडे मोकळे टांगून वाळवले, तर पाणी निघून जाताना तंतू एकमेकांना चिकटतात. चामडे आखडते व ताठ होते. चौकटीवर चिमट्यांनी ताणून वाळवले, तर ते सपाट राहते आणि आकारानेही वाढते. येथे व्यापाराचा मोह आडवा येतो. बुटाचे चामडे चौरस फुटावर विकले जाते. जितके ताणावे तितके फूट जास्त. परंतु ताणाखाली वाळलेल्या चामड्यातील तंतू त्या एका दिशेत आलेले असतात. त्या दिशेला ते ताठ व बळकट होते, पण त्याची लवचीकता गेलेली असते. पाय वाकला की त्याला लांबावयास जागाच उरत नाही, आणि दाणेदार थर तडकतो. शिवाय पावसात भिजले की ते मूळच्या आकाराकडे परत आखडू लागते. विकणाऱ्याने मिळवलेले ते फूट-अर्धा फूट पुढे कोणाच्या तरी पायाला चावते! तळाचे चामडे वजनावर विकतात, म्हणून तेथला मोह निराळा. त्यात मीठ-साखरेसारखे पदार्थ भरून वजन वाढवण्याची लबाडी जुनीच आहे.

विद्यार्थ्यांना हे घरी पडताळून पाहता येईल. चर्मकाराकडून बिनलेपाच्या सालकमावणीच्या चामड्याचा टाकाऊ तुकडा मागून घ्यावा. त्यातून बोटभर रुंदीच्या व सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापाव्यात, एकमेकींना काटकोनात. दोन्हींना सारखे वजन टांगून कोणती अधिक लांबते ते मोजावे. मग दोन्ही भिजवून, वजन तसेच ठेवून, सावलीत वाळू द्याव्यात. वाळल्यावर वजन काढून पुन्हा मोजावे. लांबी मूळची राहिलेली नसेल. आता एक पट्टी पुन्हा भिजवून वजनाशिवाय वाळवावी. ती काय करते, ते प्रत्येकाने स्वतःच पाहावे.

वाळून ताठ झालेले चामडे मऊ करण्यासाठी त्याला पुन्हा मोडावे लागते. पूर्वी जमिनीत रोवलेल्या खुंटाच्या बोथट पात्यावरून कारागीर गुडघ्याचा व खांद्याचा जोर लावून ते मागेपुढे ओढी. आज शेकडो बोथट खुंट्यांचे यंत्र त्याला वरखाली धडधडून कुस्करते. हेतू एकच : चिकटलेले तंतू न तोडता सुटे करणे. येथे ओलावा अचूक लागतो. चामडे फार कोरडे असले तर तंतू सुटण्याऐवजी तुटतात. फार ओले असले तर सुटलेले तंतू वाळताना पुन्हा चिकटतात. आधी पाजलेले तेल तंतूंमध्ये शिरलेले असते, म्हणूनच ते एकमेकांवरून सरकू शकतात. तेलाविना कितीही कुस्करले तरी मऊपणा चार दिवसांचा.

तळाच्या चामड्याला नेमकी उलट वागणूक द्यावयाची असते. तेथे तंतू सुटे नकोत, दाट हवेत. कारखान्यात जड पितळी रूळ त्यावरून फिरवतात. कोल्हापुरीचा कारागीर हेच काम दगडावर चामडे ठेवून ठोकून करतो. ओलसर म्हशीच्या चामड्यावर घाव पडत गेले की तंतूंमधली पोकळी मिटते, चामडे पातळ व कठीण होते, आणि खडे-काटे सहज आत शिरत नाहीत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. कलबुर्गी त्यांत नाही. पण अफजलपूर तालुक्याच्या दोन बाजूंचे शेजारी, सोलापूर व विजापूर, त्यांत आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलान येथे अगदी याच घाटाच्या चपला प्रथम मूळ न सांगता मांडल्या, आणि आक्षेप आल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. घाट उचलता येतो. ओलावा किती असताना पहिला घाव घालावा, हे मात्र घाव घालणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांची मुले आज दुसऱ्या धंद्यांत जात आहेत. त्यांना दोष कोण देईल? या कामाला ना पुरेसे मोल मिळाले, ना मान.

यंत्र वाईट आणि हात चांगला, असे मला सुचवावयाचे नाही. चुन्याच्या कुंडीत दिवसभर हात घालून ज्यांची बोटे सोलली, त्यांना यंत्राची किंमत विचारावी. एकसारखी जाडी व स्वच्छ तास हाताने क्वचितच साधतो. यंत्राला दृष्टी नसते, एवढेच. पुठ्ठा आणि पोट यांना ते एकाच दाबाने रगडते. दाब कोठे कमी करावयाचा हे चालवणाऱ्याने जाणले पाहिजे. रसायनाची चूक पुष्कळदा पुढच्या द्रावणात दुरुस्त करता येते. फाटलेला दाणा आणि तुटलेला तंतू कोणत्याही द्रावणाने सांधत नाही.

वस्तू घेताना याची परीक्षा सोपी आहे. चामड्याची दाणेदार बाजू आत येईल असे ते बोटांवर हलके दुमडावे. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या आणि सोडताच नाहीशा झाल्या, तर तंतू घट्ट आहेत असे समजावे. जाड, नळीसारखे फुगवटे उठले तर ते चामडे पोटाकडचे असेल, नाहीतर ड्रममध्ये जास्त रगडले गेले असेल. मग कड पाहावी : वरच्या थराखाली दाट तंतूंचा जाड थर दिसतो का, की लेपाखाली नुसती लव आहे. शेवटी उभे-आडवे एकदा ओढून पाहावे. दुकानदार थोडा रागावेल, पण तेवढे चालते.